नेहरू स्टेडियम : एका बहुउद्देशीय वास्तूची कहाणी

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात दिल्लीच्या वृत्तपत्रांतून एक वार्ता प्रसिद्ध झाली. लोदी मार्गालगतचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडून त्याच्या १०२ एकरांच्या आवारात एक नवे ‘क्रीडानगर’ उभारण्याचा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचा मानस आहे, अशी ती वार्ता होती. ज्यांनी १९८२ सालच्या आशियाई स्पर्धा पाहिल्या, त्यांस ही वास्तू अजूनही नवीच वाटते. वस्तुतः ती आपल्या मंडळाहून थोड्याच वर्षांनी धाकटी आहे. लोदी वसाहतीत आणि प्रगती विहारात सरकारी निवासात राहून गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी तिचे प्रकाशमनोरे रोज पाहिले आहेत. आम्ही स्वतः नोकरीच्या निमित्ताने तिच्या शेजारच्या सरकारी कचेऱ्यांत काही वर्षे काढली आणि तिला प्रदक्षिणा घालण्याचा योग आम्हांस वारंवार आला. पाडले जाण्याची भाषा सुरू झाल्यावर तरी तिचा इतिहास एके ठिकाणी नोंदवून ठेवावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

ही वास्तू ‘बहुउद्देशीय’ म्हणून बांधली गेली. हा शब्द सरकारी टिप्पणीत फार उपयोगी पडतो. एकाच खर्चात अनेक कामे होतात असे त्यातून सुचविले जाते आणि खर्चास मंजुरी मिळणे सुलभ होते. परंतु खेळांचे नियम वित्त विभागाच्या टिप्पणीस जुमानत नाहीत. धावण्यास लागणारी जागा, फुटबॉलास लागणारी जागा आणि क्रिकेटास लागणारी जागा या तिन्ही एकमेकींत सुखाने मावत नाहीत. नेहरू स्टेडियमची चाळीसाहून अधिक वर्षांची कहाणी पुष्कळशी याच अडचणीची कहाणी आहे.

‘स्टेडियम’ हा शब्द मुळात ग्रीक असून तो अंतराच्या एका मापावरून आला आहे. ऑलिंपिया येथील शर्यतीचा सरळ मार्ग सुमारे १९२ मीटरांचा होता. त्या अंतराचे नाव पुढे जागेस पडले. पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेले प्रेक्षागार आपल्याकडे इंग्रजांबरोबरच आले, असे समजण्याचे मात्र कारण नाही. कृष्णेच्या खोऱ्यात नागार्जुनकोंडा येथे, सातवाहनांच्या पश्चात आलेल्या इक्ष्वाकू राजांच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातील, चारही बाजूंनी पायऱ्या असलेले एक क्रीडागार उत्खननात सापडले आहे. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली ते खोरे जाणार हे निश्चित झाल्यावर पुरातत्त्व खात्याने ते क्रीडागार अनुपू येथे उंचावर पुन्हा रचून ठेवले. सोळा-सतराशे वर्षांच्या वास्तूस हे भाग्य लाभले याचा आम्हांस आनंद वाटतो. त्रेचाळीस वर्षांच्या वास्तूस ते लाभेल असे दिसत नाही.

दिल्लीपुरते बोलावयाचे तर पहिले मोठे स्टेडियम इंडिया गेटच्या पूर्वेस आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ते १९३३ साली उभे राहिले आणि त्यास ‘आयर्विन अँफिथिएटर’ असे नाव मिळाले. राष्ट्रपतिभवनापासून इंडिया गेटमधून निघणारी सरळ रेषा पुढे पुराण्या किल्ल्याकडे जाते, आणि नेमके त्या रेषेवरच हे स्टेडियम बसविलेले आहे. राजपथावरून किल्ला दिसावा असे ज्यांस वाटत असेल, त्यांची यामुळे निराशाच होते. स्वातंत्र्यानंतर त्याचे ‘नॅशनल स्टेडियम’ झाले आणि ४ ते ११ मार्च १९५१ या दिवसांत पहिल्या आशियाई स्पर्धा तेथे भरल्या. त्या वस्तुतः १९५० साली व्हावयाच्या होत्या. तयारी अपुरी पडल्याने पुढे ढकलाव्या लागल्या. गुरुदत्त सोंधी यांची मूळ कल्पना आणि अँथनी डिमेलो यांची धडाडी यांतून त्या पार पडल्या. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमच्या उभारणीमागेही डिमेलो हेच होते, हे मुंबईकर वाचकांस ठाऊक असेलच. केंद्रातील बांधकाम खाते त्या काळी आपल्या काकासाहेब गाडगीळांकडे होते.

अकरा देशांचे ४८९ खेळाडू आले होते. आजच्या मानाने ही संख्या एखाद्या आंतरविद्यापीठ स्पर्धेची वाटेल. भारताने त्या वेळी १५ सुवर्णपदके मिळविली आणि जपानच्या खालोखाल स्थान पटकावले. मुंबईच्या लेव्ही पिंटोने १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. फुटबॉलात मेवालालच्या गोलावर आपण इराणला १-० असे नमविले. हे सर्व जुन्या स्टेडियमात काही डागडुजी करून साधले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नवव्या आशियाई स्पर्धांचे यजमानपद दिल्लीस मिळाले तेव्हा चित्र निराळे होते. मधल्या काळात राजवटी बदलल्या, तयारी रेंगाळली आणि १९८० नंतर ती एकदम धावू लागली. उण्यापुऱ्या दोन वर्षांत उड्डाणपूल, खेळाडूंचे गाव, तरणतलाव आणि क्रीडागारे उभी करावयाची होती. शिरी किल्ल्याजवळचे खेळाडूंचे गाव राज रेवाल यांनी आखले. बोळ, चौक आणि गच्च्या यांची जुन्या शहरांसारखी गुंफण त्यात होती. पुढे त्यातील घरे लोकांस राहण्यास मिळाली. यमुनाकाठचे इंद्रप्रस्थ बंदिस्त स्टेडियम शरद दास यांनी योजिले. सुमारे पंचवीस हजार प्रेक्षकांच्या त्या दालनात मधोमध ध्वनिरोधक भिंत घालण्याची सोय होती. म्हणजे एका बाजूस एक सामना आणि दुसऱ्या बाजूस दुसरा, एकमेकांच्या टाळ्यांचा उपद्रव न होता चालावा. ‘बहुउद्देशीय’ या शब्दाचा अर्थ ज्यांनी खरोखर मनावर घेतला अशा थोड्या वास्तूंत आम्ही हिची गणना करतो.

नेहरू स्टेडियमची आखणी याहून सरळ होती. सुमारे ७५ हजार प्रेक्षकांसाठी काँक्रीटचा एक प्रचंड लंबवर्तुळाकार कटोरा, त्यावर उंच प्रकाशमनोरे आणि मध्ये मैदान. अशा वास्तूचा सारा हिशेब धावमार्गापासून सुरू होतो. चारशे मीटरांच्या धावमार्गाच्या दोन सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटरांच्या आणि दोन वळणे ३६.५ मीटर त्रिज्येची असतात. प्रत्येक गल्ली १.२२ मीटर रुंद. मैदानाचा लांब अक्ष शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवतात, कारण उतरत्या उन्हात पश्चिमेकडे तोंड करून धावणे वा गोल राखणे ही शिक्षा ठरते. पायऱ्यांचा चढही एकसारखा नसतो. पुढील माणसाच्या डोक्यावरून मागील माणसास मैदानाची जवळची कड दिसली पाहिजे. म्हणून जसजसे वर जावे तसतशी प्रत्येक पायरी किंचित अधिक उंच करावी लागते. प्रेक्षकास हे कळत नाही, आणि कळू नये यातच रचनाकाराचे यश असते. वरच्या सज्जातून खाली उतरताना मात्र गुडघ्यांस ते कळते.

आता या धावमार्गाच्या आत फुटबॉलचे १०५ बाय ६८ मीटरांचे मैदान बसवून पाहू. रुंदीस ७३ मीटर मिळतात, ते पुरतात. लांबीस मात्र वळणांच्या पोटात शिरावे लागते. भालाफेक, उंच उडी यांच्या जागा तेथेच असतात. शिवाय गोलच्या मागे बसलेला प्रेक्षक, धावमार्गाची रुंदी जमेस धरता, गोलपासून निदान पस्तीस मीटर दूर पडतो. फुटबॉलचा खरा रसिक तक्रार करतो ती हीच, की येथे खेळ दुर्बिणीतून पाहावा लागतो. क्रिकेटची गत याउलट. आठ गल्ल्यांचा संपूर्ण धावमार्ग धरूनही रुंदी ९३ मीटरांच्या आत राहते, आणि क्रिकेटास त्याहून बरीच अधिक हवी. तेव्हा धावमार्गही त्याच्या कडेची जागाही सीमारेषेच्या पोटात घ्यावी लागते. एकाच अंगरख्यात तीन निरनिराळ्या बांध्यांची माणसे घालण्यासारखा हा प्रकार आहे.

या बांधकामाची दुसरी बाजू सांगितल्याविना पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आशियाई स्पर्धांच्या निरनिराळ्या कामांवर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा प्रांतांतून हजारो मजूर आणले गेले होते. किमान वेतन दिवसास ९ रुपये २५ पैसे ठरलेले होते. मजुरांस आणणारे जमादार, म्हणजे आपल्या भाषेत मुकादम, प्रत्येक मजुरामागे रोज एक रुपया कापून घेत आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. लोकशाही हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने तीन अभ्यासकांच्या पाहणीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवती यांस पत्र लिहिले, आणि न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. १८ सप्टेंबर १९८२ रोजी, म्हणजे स्पर्धांस दोन महिने उरले असता, निकाल लागला. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठच होय, असे न्यायालयाने सांगितले. उपाशी माणूस कमी मजुरीवर राबावयास तयार होतो, ती त्याची राजीखुषी नसून परिस्थितीची सक्ती असते, असे त्या निकालाचे प्रतिपादन आहे. काम ठेकेदाराचे असले तरी कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्याच्या जबाबदारीतून सरकारास आणि त्याच्या प्राधिकरणांस अंग काढून घेता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. ज्यांस आमच्यासारखा ठेक्यांच्या फायलींशी संबंध आला आहे, त्यांनी हा निकाल एकदा तरी मुळातून वाचावा. त्या एका वर्षात दिल्लीत जेवढे काँक्रीट ओतले गेले, त्या सगळ्याहून हा निकाल अधिक टिकाऊ ठरला आहे. आजही देशातील न्यायालयांत त्याचा आधार घेतला जातो.

१९ नोव्हेंबर १९८२ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते स्पर्धांचे उद्घाटन नेहरू स्टेडियमात झाले. ३३ देश आले होते. त्याच वर्षी दूरदर्शनवर रंग आले होते, आणि देशातील असंख्य घरांनी रंगीत चित्र प्रथम पाहिले ते याच मैदानाचे. भारताने एकूण ५७ पदके मिळविली, त्यांत १३ सुवर्ण. वलसम्माने चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली ती येथे, आणि कोवळ्या वयातील पी. टी. उषेने शंभर व दोनशे मीटर धावण्यात रौप्यपदके मिळविली तीही येथेच. हॉकीचा अंतिम सामना जुन्या नॅशनल स्टेडियमात झाला; त्याविषयी न लिहिलेलेच बरे.

स्पर्धा सोळा दिवसांत संपल्या आणि मग एक प्रश्न उरला, जो अशा प्रत्येक स्टेडियमापाशी उरतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत याचे करावयाचे काय? त्यावरील उत्तर शोधताना १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाची स्थापना झाली. देशात खेळाडू घडविणारी ही आजची प्रचंड संस्था आरंभी, आशियाई स्पर्धांसाठी बांधलेली क्रीडागारे सांभाळणे आणि वापरात ठेवणे, या कामासाठी जन्मास आली, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. प्राधिकरणाचे मुख्यालयही याच आवारात आले. पुढे कचेऱ्या वाढत गेल्या. पायऱ्यांखालची मोठी पोकळी ही सरकारी विभागांस नेहमीच मोहात पाडते. जेथे खेळाडूंची विश्रांतिस्थाने असावीत तेथे टेबले आणि कपाटे येतात. स्वतः सरकारी सेवक असूनही आम्ही हे लिहीत आहोत, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

प्रकाशमनोऱ्यांचा एक उपयोग मात्र नामी झाला. २८ सप्टेंबर १९८४ रोजी दिव्यांच्या प्रकाशातील भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेट सामना येथे खेळला गेला. ऑस्ट्रेलियाने तो ४८ धावांनी जिंकला. त्यांच्या केप्लर वेसल्सने १०७ धावा काढल्या. येथे दुसरा एकदिवसीय सामना झाला तो १४ नोव्हेंबर १९९१ रोजी, नेमका पंडितजींच्या जयंतीदिनी. एकवीस वर्षांच्या बहिष्कारानंतर दक्षिण आफ्रिकेचा संघ आंतरराष्ट्रीय क्रिकेटात परतला होता. रवी शास्त्रीने १०९ आणि संजय मांजरेकरने १०५ धावा काढल्या. दिल्लीच्या मैदानावर मुंबईच्या दोघांची ही शतके पाहण्यास मिळालेले मराठी प्रेक्षक आजही ती आठवण काढतात. तरीही आफ्रिकेने २८८ धावांचे लक्ष्य दोनच गडी गमावून गाठले. त्यांच्याकडून ९० धावा कोणी काढल्या असतील? त्याच केप्लर वेसल्सने, आता आपल्या जन्मभूमीच्या वतीने. या मैदानावरील दोन्ही सामने एकाच फलंदाजाने दोन निरनिराळ्या देशांसाठी गाजवावेत, हा योगायोग क्रिकेटच्या इतिहासात विरळाच. त्यानंतर येथे एकदिवसीय सामना झाला नाही. मैदानाचे माप कोटला मैदानास मिळते, या कटोऱ्यास नाही.

येथे मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी क्लबाशी झालेल्या वादानंतर केवळ क्रिकेटसाठी स्वतंत्र स्टेडियम बांधावयाचे ठरविले, शशी प्रभू यांनी ते आखले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना झालादेखील. एका खेळाचे घर म्हणून बांधलेली ती वास्तू पुढे नूतनीकरण होऊन आजही भरलेली असते. याच प्रभूंनी पुण्याजवळ बालेवाडीस १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी संकुल आखले, तेव्हा निरनिराळ्या खेळांस निरनिराळ्या वास्तू दिल्या. आमच्या मते बहुउद्देशीयतेचा हा मार्ग अधिक शहाणपणाचा: आवार एक, इमारती अनेक.

२०१० सालच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नेहरू स्टेडियमचे रूप पालटले. जर्मनीतील फॉन गेर्कान, मार्ग आणि सहकारी या वास्तुरचनाकारांनी आणि श्लाइश बर्गरमान या अभियंत्यांनी त्यावर नवे छत योजिले, आसने कमी होऊन सुमारे साठ हजारांवर आली. हे छत सायकलच्या चाकाच्या तत्त्वावर उभे आहे. बाहेर पोलादाचे एक कडे, जे सतत दाबले जाते; आत तारांचे एक कडे, जे सतत ताणले जाते; आणि दोहोंस जोडणाऱ्या आऱ्यांसारख्या तारा. त्यांवर पांढरे, अर्धपारदर्शक कापड. मैदानात एकही खांब न रोवता हजारो प्रेक्षकांवर सावली धरली जाते. लांबून पाहता पांढऱ्या पाकळ्या मिटल्यासारखा आकार दिसतो. १९८२ च्या उघड्या काँक्रीटशेजारी ही रचना फार हलकी वाटते, आणि दिल्लीच्या उन्हात बसणाऱ्यास ती प्रथमपासून हवी होती.

घाई मात्र तीच होती. स्पर्धा तोंडावर आल्या असता, २१ सप्टेंबर २०१० रोजी, स्टेडियमलगतचा पादचारी पूल बांधकाम चालू असताना कोसळला आणि अनेक मजूर जखमी झाले. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या निकालाची तेव्हा किती जणांस आठवण झाली असेल?

तथापि त्या स्पर्धांत या मैदानाने जे दिले ते आम्ही विसरू शकत नाही. ८ ऑक्टोबर २०१० रोजी नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धांत धावमार्गावर वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. पंचवीस फेऱ्यांची ती शर्यत होती. तीनच दिवसांनी थाळीफेकीत कृष्णा पुनिया, हरवंत कौर आणि सीमा अंतिल यांनी तिन्ही पदके जिंकली. मैदानी खेळांत मिल्खासिंगनंतर बावन्न वर्षांनी भारतास राष्ट्रकुल सुवर्ण मिळाले. राजधानीतील मराठी माणसे घरच्या वर्तमानपत्रांतून गावाकडच्या बातम्या शोधतात. त्या आठवड्यात गावाकडची बातमीच लोदी मार्गावर आली होती.

पुढील पंधरा वर्षांत येथे फुटबॉलची व्यावसायिक साखळी काही हंगाम खेळली गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध जॅक्सनसिंगने गोल केला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धांत भारताचा तो पहिला गोल. सामना आपण हरलो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दिव्यांग खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धा येथे भरली आणि तिच्यासाठी नवा कृत्रिम धावमार्ग अंथरला गेला. तो अंथरून काही महिनेच झाले होते, तोच वास्तू पाडण्याची वार्ता आली.

पाडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. १०२ एकर जमीन राजधानीच्या मध्यावर आहे आणि तिचा पुष्कळ भाग वाहने उभी करण्यात व कचेऱ्यांत गेलेला आहे. निरनिराळ्या खेळांस निरनिराळी घरे मिळावीत, खेळाडूंनी तेथेच राहावे, हा विचार वाईट नाही. बालेवाडीचे उदाहरण वर दिलेच आहे. परंतु २०१० चे छत उणीपुरी पंधरा वर्षे झालेले आहे. ते उतरवून अन्यत्र चढविता येईल काय, कटोऱ्याचा खालचा भाग राखून वरचे बदलता येईल काय, याचा हिशेब प्रथम लोकांपुढे मांडला जावा. प्रगती मैदानावरचे राज रेवाल आणि महेंद्र राज यांचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये असेच पाडले गेले, आणि जगभरच्या वास्तुविदांची पत्रे त्यानंतर नुसती फायलीत राहिली.

याहून निकडीची एक गोष्ट आहे. २०११ पासून क्रीडा प्राधिकरणाने ‘या आणि खेळा’ ही योजना चालविली आणि दिल्लीतील ही मोठी क्रीडागारे सामान्य नागरिकांस व मुलांस खुली केली. पहाटे या आवारात सरावास येणाऱ्या मुलामुलींपाशी दुसऱ्या मैदानाची सोय नसते. त्यांत सरकारी वसाहतींतील कारकुनांची मुले असतात, तशी आसपासच्या झोपडवस्त्यांतीलही असतात. नवे क्रीडानगर होण्यास जी काही वर्षे लागतील, तेवढ्यात त्यांचे धावण्याचे वय उलटून जाईल. त्यांना जवळपास चारशे मीटरांचा एक धावमार्ग आणि पहाटे उघडणारे एक दार, ही व्यवस्था पहिली कुदळ पडण्यापूर्वी व्हावयास हवी. या भागात राहणाऱ्या मंडळाच्या सभासदांनी तेवढे तरी निवेदन संबंधितांकडे द्यावे, अशी आमची सूचना आहे. मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत.